सहावा हात

पाच बायका जमवता जमवता हॉविसच्या टाचा झिजल्या. सहावी ती स्वतः होती, म्हणून बरं. शुक्रवारी सकाळी थॉर्नहोच्या चर्चमध्ये धर्मकोर्ट बसणार होतं आणि त्याआधी सहा हात मोजून तयार हवे होते.

कोर्टाची रीत आमच्याकडं सगळ्यांना पाठ आहे. ज्याच्यावर पाखंडाचा आळ, त्यानं पवित्र पोथीवर हात ठेवायचा आणि ‘मी नव्हे’ अशी शपथ घ्यायची. मग चांगल्या चालीच्या सहा माणसांनी एकामागून एक त्याच पोथीवर हात ठेवून सांगायचं, की याची शपथ खरी आहे असं आम्ही मानतो. सहा हात पडले की आळ धुतला गेला. पाचच पडले, तर माणूस गुन्हेगार. पुरावा, साक्ष, डोक्याला ताप, काही नाही.

आळ होता सिबिलवर. सिबिल ही हातमोजे शिवणारी विधवा, नऊ वर्षांपूर्वी कुठूनशी येऊन हॉविसच्या भिंतीला भिंत लावून राहिलेली. बोलायची कमी, उधारउसनवार करायची त्याहून कमी. कोर्टाच्या कागदात लिहिलं होतं, की या बाईनं चर्चच्या फाटकाशी उभं राहून पाद्री गिल्बर्टविषयी पुढचे शब्द काढले: ‘मेलेल्या बाईच्या अंगावरचं ओढून जो आपल्या ठेवलेलीला पांघरतो, त्याच्या हातात देव कशाला उतरेल?’ पाद्र्याच्या हातात भाकरीचा देव होतो, त्यावरच शंका घेतली म्हणून हे पाखंड.

हे शब्द सिबिल बोललीच नव्हती. बोलली होती हॉविस.

आता हॉविस कोण, तर वेदीवरची कापडं धुणारी. वीस वर्षं तीच धुते. प्रभूच्या भाकरीचा चुरा ज्या कापडावर पडतो त्या कापडाचं पहिलं पाणी ती जमिनीवर सांडू द्यायची नाही, चर्चच्या भिंतीतल्या भोकात ओतायची. उपवासाच्या चाळीस दिवसांत कुणाच्या घरून चरबीचा वास आला तर नाक वर करून दारात उभी राहायची. गावातल्या निम्म्या बायकांना ती देवभोळी वाटायची आणि निम्म्यांना नको तितकी चोंबडी. दोन्ही खरं होतं.

पण फेब्रुवारीत तिची आई गेली. गावात कुणी गेलं की मेलेल्याचं सगळ्यात चांगलं वस्त्र पाद्र्याचं, ही जुनी रीत. मायलेकींना मिळून एकच चांगला झगा होता, आत सशाची कातडी लावलेला. एका रविवारी आई घालायची, एका रविवारी लेक. गिल्बर्टनं माणूस पाठवून तो प्रेताशेजारूनच उचलला. बाहेर हाडं फोडणारी थंडी होती. पुरायला जाताना हॉविसच्या अंगावर ऊबदार काही नाही म्हणून सिबिलनं आपला तांबूस झगा तिच्या खांद्यावर टाकला, ज्याच्या उजव्या खांद्यावर चामड्याचं मोठं ठिगळ होतं. टोपडं पुढं ओढून हॉविस चर्चच्या फाटकाशी आली आणि समोर पाद्र्याची स्वयंपाकीण उभी. अंगावर सशाच्या कातडीचा झगा. आई अजून मातीखाली नीट झाकलीही नव्हती. हॉविसच्या तोंडून जे निघालं ते निघालं. रडून रडून घसा बसला होता, आवाज स्वतःचा राहिलाच नव्हता.

मागं कोर्टाचा शिपाई हॅमो उभा होता. त्यानं तोंड पाहिलं नाही, ठिगळ पाहिलं.

हा हॅमो म्हणजे गावोगाव फिरून समन्स बजावणारा, आणि त्याआधी ‘समन्स नको असेल तर काय देशील’ असं विचारणारा. सिबिलच्या दारात येऊन तो म्हणाला होता, ‘कोकराच्या अस्तराचे दोन जोड शिवून दे, मी बहिरा झालो समज.’ सिबिलनं दार लावून घेतलं. पण ‘मी नव्हे, शेजारीण बोलली’ हे ती त्यालाही म्हणाली नाही आणि पुढंही कुणाला म्हणाली नाही.

आणि हॉविस? हॉविस पंधरा दिवस गप्प बसली. पाखंडी ठरलं की अनवाणी, नुसत्या सदऱ्यावर, खांद्यावर लाकडाची मोळी घेऊन बाजारातून फिरवतात. वेदीची कापडं गेलीच, माणसंही गेली. ती स्वतःला सांगत राहिली की सिबिल बोलली नाही हे तर खरंच आहे. ती खरी शपथ घेईल, आपण सहा जणी खरी शपथ घेऊ, कुणाचं काही बिघडणार नाही. बायका गोळा करण्यात तिनं जिवाचं रान केलं ते याच पायी.

शुक्रवारी सकाळी ती सिबिलला न्यायला गेली. सिबिल खिडकीशी बसून हातमोज्याचा अंगठा शिवत होती.

‘अगं, अजून बसलीच आहेस? ऊठ. पाची जणी फाटकाशी आल्यासुद्धा. कलालीण तर सकाळपासून खोकून खोकून घसा साफ करतेय, जशी काही गाणंच म्हणायचंय.’

‘येते,’ सिबिल म्हणाली. ‘पण हॉविस, मी पोथीवर हात ठेवणार नाही.’

‘का? हाताला काय झालं?’

‘हाताला काही नाही झालं. मी शपथ घेणार नाही.’

हॉविसला आधी वाटलं, भीतीनं हिचं डोकं फिरलं. ‘बये, तुला खोटं का बोलायचंय? तू बोलली नाहीस हे खरं आहे ना? मग खऱ्यावर हात ठेवायला काय जातं?’

‘खऱ्याला हात लागत नाही. मी नाही म्हटलं म्हणजे नाही. शपथ वाहू नका, असं त्या पोथीतच लिहिलंय.’

‘तुला गं काय ठाऊक पोथीत काय लिहिलंय? पोथी लॅटिनमध्ये, तिथं आमच्या गिल्बर्टलाच धड—’

बोलता बोलता हॉविस थांबली. सिबिलनं दोरा दातानं तोडला आणि वर पाहिलं. रविवारी दुपारी सिबिलकडं येणारे ते दोघं-तिघं, दार लावून घेणं, आतून येणारा वाचल्यासारखा एकसुरी आवाज, हे सगळं हॉविसच्या डोळ्यांपुढून गेलं.

‘सिबिल, तू लोलार्ड आहेस?’

‘नऊ वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलीस आणि आज विचारतेस?’

हॉविस मटकन पेटीवर बसली. इंग्रजीत पोथी वाचणारे, पाद्र्याला न जुमानणारे, वेदीवरची भाकरी भाकरीच राहते म्हणणारे, ते हे लोक. त्यांच्या नावानं ती आजवर थुंकली होती. आणि अशा बाईकडून तिनं मीठ घेतलं, विस्तव घेतला, आईच्या प्रेताला आंघोळ घालताना तिचाच हात धरला.

‘आता ऐकायचं ते सगळं ऐक,’ सिबिल म्हणाली. ‘मी एकदा सापडलेय. तिकडं, दुसऱ्या बिशपच्या हद्दीत. तेव्हा नवरा जिवंत होता, मी घाबरले. हात ठेवला. हे सगळं सोडलं, असं मी म्हणाले, आणि आमच्यातलं कुणी दिसलं तर नाव सांगेन असंही म्हणाले. त्यांनी झग्याच्या खांद्यावर मोळीचं चित्र शिवून दिलं, जन्मभर मिरवायला. इथं येताना मी ते उसवलं. डाग राहिला, म्हणून त्यावर चामडं लावलं.’

म्हणजे आईला मूठमाती देताना पाखंड्याची मोळी आपण खांद्यावर मिरवली होती. हॉविसनं नकळत खांदा झटकला.

‘मग आज शपथ घेतली नाहीस तर?’

‘तर दोषी. मग ते चारी बाजूंना पत्रं लिहितील, ही बाई आधी कुठं सापडली होती का म्हणून. दुसऱ्यांदा सापडलेल्याला मोळी चित्रातली देत नाहीत, हॉविस.’

‘मग घे ना शपथ! बाई, तुझ्या पाया पडते. जाळतील तुला!’

‘त्या शपथेपासून मला झोप नाही. नवरा मेला तेव्हा रडले नाही इतकी त्या हातासाठी रडले. पुन्हा नाही ठेवायचा असं देवाला सांगितलंय. एवढी एकच गोष्ट मी त्याला दिलीय.’

हॉविस ताडकन उठली. ‘मग मीच सांगते कोर्टात. मी बोलले म्हणून सांगते.’

‘तू नाही सांगणार.’

‘का नाही?’

‘सांगायचं असतं तर पंधरा दिवसांपूर्वी सांगितलं असतंस.’ सिबिल हे रागानं म्हणाली नाही, म्हणून जास्त लागलं. ‘चल. घंटा झाली.’

चर्चमध्ये मुंगीला शिरायलाही जागा नव्हती. न्यायाधीश मास्टर लॅम्बर्ट वेदीच्या पायऱ्यांखाली खुर्ची टाकून बसले होते. त्यांना सर्दी झाली होती, आणि दुपारच्या जेवणाला पाद्र्याकडं ताजा मासा होता हे गावभर ठाऊक होतं, तेव्हा घाई दोन्ही बाजूंनी होती. शेजारी गिल्बर्ट हात पोटावर ठेवून उभा. स्वयंपाकीण मात्र आज घरी ठेवली होती. समोरच्या मेजावर पोथी, चांदीच्या पत्र्यानं मढवलेली, मेणबत्तीच्या उजेडात चकाकणारी. ते मेजावरचं कापड हॉविसनंच बुधवारी धुतलं होतं.

सहा जणी ओळीनं उभ्या राहिल्या, हॉविस शेवटी. तिच्या डोक्यावर कमानीवर शेवटच्या न्यायाचं चित्र होतं. खोटी शपथ घेणाऱ्यांना सैतान जिभेला आकडा लावून ओढत नेतो, तो कोपरा बरोबर तिच्यासमोर आला. वीस वर्षं कापडं बदलताना ती त्या आकड्याकडं बघून मनातल्या मनात गावातली नावं घ्यायची.

कारकुनानं कागद वाचला. ‘ठेवलेलीला’ शब्दाला मागं कुणीतरी खिदळलं आणि गिल्बर्टचे कान लाल झाले.

‘काय म्हणणं आहे?’ मास्टर लॅम्बर्टनी विचारलं.

‘हे शब्द मी बोलले नाही, साहेब.’

‘ठीक. हात ठेव आणि तसं म्हण.’

‘मी बोलले नाही, साहेब.’

‘ते ऐकलं मी, बाई. सर्दी नाकाला झालीय, कानाला नाही. हात ठेव.’

सिबिलचे दोन्ही हात बाजूला लोंबत राहिले. हॅमोनं न्यायाधीशांच्या कानाशी वाकून, पण चर्चच्या दारापर्यंत जाईल अशा आवाजात म्हटलं, ‘ही जमात अशीच, साहेब. पोथी दिसली की यांचे हात भाजतात.’

कुजबुज उठली. कलालिणीनं हॉविसला कोपरानं ढोसलं. ‘ही मेली मुकी का झाली? आपण उगाच उभ्या का मग?’

‘तीनदा विचारायचं असतं,’ मास्टर लॅम्बर्ट म्हणाले. आता ते खुर्चीत सरळ बसले होते. ‘हे दुसऱ्यांदा. सिबिल, या पोथीवर हात ठेवून शपथ घेतेस का?’

सिबिलनं हात पाठीमागं घेतले. कारकुनानं लेखणी शाईत बुडवली.

हॉविसला वाटलं, आता तिसऱ्यांदा विचारतील, मग लेखणी कागदावर टेकेल, आणि ती टेकली की संपलं. आपण चांगल्या आहोत असं आयुष्यभर वाटत आलेल्या बाईला, आपण पंधरा दिवस शेजारणीच्या मागं लपलो होतो, हे एका क्षणात स्वच्छ दिसलं, आणि त्याची तिला इतकी लाज वाटली की भीती मागं पडली. तिचे पाय आपोआप ओळीबाहेर आले.

‘साहेब,’ ती म्हणाली, ‘ते शब्द—’

फट्ट असा आवाज झाला. सिबिलचा हात पोथीवर पडला होता. मेणबत्ती हलली.

‘देवाची शपथ,’ सिबिल ओरडलीच जवळजवळ, ‘कुमारी मरियेची शपथ, सगळ्या संतांची शपथ, ते शब्द मी बोलले नाही!’

तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मास्टर लॅम्बर्टनी हुश्श केलं. ‘हेच आधी म्हणायला काय झालं होतं? आता सहा जणी या.’

‘थांबा, साहेब.’ हॅमोची नजर हॉविसवर खिळली होती. नाक सगळ्यांनाच असतं, पण त्याचं कमावतं होतं. ‘ही सहावी काहीतरी सांगायला निघाली होती. आरोपीचा हात आहे तिथंच असू द्या आणि तिलाच विचारा, ती नाही बोलली तर कोण बोललं. ठाऊक आहे का तिला.’

‘विचारण्याजोगं आहे,’ न्यायाधीश म्हणाले. ‘सिबिल, शपथेवर सांग. कोण बोललं ते तुला ठाऊक आहे?’

शपथ घेणं एक, आणि खोटी शपथ घेणं दुसरं. पहिलं करून सिबिल देवाला दिलेला शब्द मोडून बसली होती. दुसरं तर तिच्या लोकांत आणि हॉविसच्या लोकांत सारखंच पाप होतं. पोथीवरची तिची बोटं वाकली, चांदीवर नखं घासल्याचा आवाज हॉविसनं ऐकला. सिबिलनं तिच्याकडं पाहिलंही नाही.

‘ठाऊक नाही.’

‘शपथेवर?’

‘शपथेवर. मला ठाऊक नाही.’

मग हात पडू लागले. कलालिणीनं घसा खाकरून खणखणीत सांगितलं. दुसरी, तिसरी, चौथी पटापट झाल्या, पाचवीनं नाव चुकवलं म्हणून तिला पुन्हा म्हणायला लावलं. प्रत्येकीला वाटत होतं आपण खरंच बोलतोय, आणि त्यांच्यापुरतं ते खरंच होतं. हॉविस मेजाशी आली तेव्हा हॅमो एक पाऊल पुढं सरकला.

‘आधी एवढं सांग,’ मास्टर लॅम्बर्ट म्हणाले, ‘मघाशी तू काय बोलत होतीस? “ते शब्द” काय?’

आता जरी खरं सांगितलं, तरी ‘ठाऊक नाही’ ही सिबिलची शपथ खोटी ठरणार, आणि खोट्या शपथेवरून पत्रं जाणारच. हॉविसला बाहेर पडायचा रस्ता सिबिलनं स्वतः बंद केला होता.

‘साहेब,’ ती म्हणाली, आणि आपला आवाज इतका शांत कसा याचं तिलाच नवल वाटलं, ‘ते शब्द पुन्हा मोठ्यानं वाचू नका, एवढंच म्हणत होते. पवित्र जागा आहे. कानाला विटाळ होतो.’

मागं हशा पिकला. ‘हॉविस ती हॉविसच!’ कुणीतरी म्हणालं. मास्टर लॅम्बर्टसुद्धा रुमालाआड हसले, आणि गिल्बर्ट पुढं होऊन मोठ्या मायेनं म्हणाला, ‘आमची वेदीची कापडं हीच धुते, साहेब. हिच्यासारखी सच्ची बाई या गावात दुसरी नाही.’

हॅमो हसला नाही. पण पाद्र्यानं स्वतः ग्वाही दिल्यावर शिपायाला काय तोंड राहणार?

हॉविसनं हात ठेवला. चांदी सिबिलच्या घामानं ओली होती. ‘सिबिलनं घेतलेली शपथ खरी आहे,’ ती म्हणाली, ‘असं मी मानते. देव माझं भलं करो.’ वरच्या आकड्याकडं बघायची तिची हिंमत झाली नाही.

सहा हात पुरे झाले. कोर्ट उठलं, साहेब माशाकडं गेले.

बाहेर कलालीण सगळ्यांना एकेक मग दारू पाजायला निघाली होती, उपवास असो नसो. सिबिल कुणाशी न बोलता सरळ घराकडं चालू लागली. हॉविसनं तिला ओढ्याच्या फळीपाशी गाठलं. सिबिल उकिडवी बसून ओढ्याच्या गार पाण्यात उजवा हात घासत होती. पाण्यानं आणि वाळूनं, दोन्हीनं.

‘तुला कुणी उठायला सांगितलं होतं?’ ती मागं न बघता म्हणाली.

‘तुला कुणी हात ठेवायला सांगितलं होतं?’

पलीकडं कुणाच्या तरी मेंढ्या ओरडत होत्या.

‘तू तिथं उभी राहून सांगितलं असतंस तर तुला बाजारातून फिरवलं असतं,’ सिबिल म्हणाली. ‘अनवाणी. मी फिरलेय, मला ठाऊक आहे. ते तुझ्यानं झालं नसतं.’

‘आणि तुझे लोक? रविवारी येतात ते?’

‘आता येणार नाहीत. त्यांच्यातली एक खोटी शपथ न घेता जळाली, आणि मी...’ ती हात घासत राहिली.

हॉविस तिच्याशेजारी बसली. ईस्टरला नऊ दिवस होते. त्याआधी गुडघे टेकून गिल्बर्टच्या कानात वर्षाची पापं सांगायची, तेव्हा कुठं प्रभूची भाकरी जिभेवर पडायची. आजवर ती सगळ्यांत आधी जायची आणि सगळ्यांत जास्त वेळ घ्यायची. हे पाप त्याच्या कानात घातलं तर ते तिथं राहणार नाही, सिबिल जळणार. न घालता भाकरी घेतली तर ते त्याहून मोठं पाप, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. उद्या कापडं आणायला जायचं होतं आणि आपण त्यांना हात कसा लावायचा हे तिला कळत नव्हतं. ती रडायला लागली. आईच्या वेळी रडली होती तसं नाही, तोंडातून आवाज न काढता.

सिबिलनं ओला हात झग्याला पुसला, पण तिच्या पाठीवर ठेवला नाही.

‘सिबिल,’ हॉविस शेवटी म्हणाली, इतक्या हळू की तिला स्वतःलाही नीट ऐकू आलं नाही, ‘तुमच्यात हे कुणाला सांगतात?’

‘देवालाच. मधे कुणी नाही.’

‘आणि तो काय म्हणतो?’

सिबिलनं ओली बाही पिळली.

‘मागच्या वेळेपासून विचारतेय,’ ती म्हणाली. ‘बस इथं. दोघी मिळून विचारू.’